मंद्र पंचम आणि पाठीमागची भिंत

माझ्याच एका जुन्या वाक्याची तपासणी करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका गायिकेच्या ध्वनिमुद्रिकेचे परीक्षण मी लिहिले होते. सीडी होती, आधी दरबारी कानडा, मग छोटासा केदार. परीक्षण बहुतांशी कौतुकाचेच होते. पण मधोमध मी असे म्हटले होते की, बाईंचा आवाज मंद्र पंचमावर टेकला की पोकळ होतो, स्वर जागेवर असतो पण त्याला बूड राहत नाही, आणि हे खर्जाची मेहनत कमी पडल्याचे लक्षण आहे. दरबारीत मंद्र पंचम ही विसाव्याची जागा. तिथेच आवाज पोकळ म्हणजे रागाचा पायाच कच्चा, असा त्याचा अर्थ. लिहिताना मला ते वाक्य फार नेमके वाटले होते.

पंधरा दिवसांनी बाईंचे पोस्टकार्ड आले. रागावणे नाही, समर्थन नाही. मी ही मुद्रिका कुठे बसून ऐकली, एवढेच त्यांनी विचारले होते. मला तो खवचटपणा वाटला. पुण्या-मुंबईचे कलावंत गावाकडच्या समीक्षकाला असेच विचारणार, असे मनाशी म्हणून मी उत्तर दिले नाही. बाई आता नाहीत. त्यांचे नाव इथे देत नाही. त्या परीक्षणात ते पुरेसे छापले गेले आहे.

मी ती मुद्रिका वाशीमला, माझ्या घरात, दहा बाय बाराच्या खोलीत बसून ऐकली होती. खोली आजही तीच आहे. विटांच्या भिंती, सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. दोन स्पीकर मागच्या भिंतीपासून हातभर पुढे, लाकडी स्टुलांवर. ही मांडणी मी कुठल्याशा माहितीपत्रकात वाचून केली होती आणि तिचा मला अभिमान होता.

आमच्याकडे ध्वनिमुद्रण म्हणजे मैफलीची आठवण नव्हे, तीच मैफल. वऱ्हाडाने गाणारे दिले नाहीत असे नाही. वसंतराव देशपांडे १९२० साली जन्मले ते मूर्तिजापुरात, आणि मूर्तिजापूरहून कापसाची ती अरुंद रेल्वे आमच्या कारंज्यावरूनच यवतमाळला जात असे. पण गाणे ऐकायचे तर नागपूर गाठायचे, नाहीतर रेडिओ, कॅसेट, सीडी. १९९८ साली वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, पण तंबोऱ्याचा सूर समोर बसून ऐकण्याची सोय काही कचेरीबरोबर येत नाही. म्हणून माझ्यासारख्याने जे जे लिहिले, ते सगळे स्पीकरच्या साक्षीने लिहिले. आणि स्पीकरच्या साक्षीत भिंतीची साक्ष मिसळलेली असते, हे मला कळायला निवृत्ती यावी लागली.

कळले ते असे. मुलाने नवे स्पीकर पाठवले आणि त्यांच्याबरोबर काळ्या फोमचे बारा चौकोन. वर अंड्याच्या ट्रेसारखे उंचवटे, जाडी जेमतेम इंचभर. हे स्पीकरच्या मागच्या भिंतीवर चिकटवायचे, मग आवाज 'स्वच्छ' होतो, असे तो म्हणाला. हल्ली ध्वनिमुद्रणाच्या खोलीचे कुठलेही छायाचित्र पाहा, गायकाच्या मागे ही काळी टेंगळे दिसतात. तेव्हापासून ती घरोघर पोचली. मी चिकटवले. जुन्या सवयीने दरबारी लावला. मंद्र पंचम पूर्वीइतकाच पोकळ. म्हणजे माझे वाक्य खरे, असे क्षणभर समाधान वाटले. मग एक गोष्ट खटकली. दुसऱ्याच एका गायकाची, भरदार आवाजाची मुद्रिका लावली होती. तो त्या उंचीवरून खाली उतरत असताना नेमक्या त्याच जागी, एका स्वरापुरता, पोकळ झाला आणि आणखी खाली जाताच पुन्हा भरला. दोन घराण्यांच्या दोन गळ्यांची मेहनत एकाच स्वरावर कमी पडावी, हा योगायोग मला पटेना.

इथून पुढचा हिशेब सोपा आहे, आणि तो मी सावकाश मांडणार आहे, कारण सगळे प्रकरण त्यावरच उभे आहे.

स्पीकरचे तोंड पुढे असते म्हणून आवाज पुढेच जातो, ही आपली समजूत. ती वरच्या स्वरांपुरती खरी आहे. खालच्या स्वरांच्या लाटा इतक्या लांब असतात की वीतभर रुंदीची पेटी त्यांना अडवूच शकत नाही; त्या पेटीला वळसा घालून मागेही तितक्याच जातात. मागे भिंत असते. भिंतीवर आपटून त्या परत येतात आणि पुढे निघालेल्या लाटेत मिसळतात. परतलेल्या लाटेला स्पीकरच्या तोंडापासून भिंतीपर्यंतचे अंतर दोनदा चालावे लागले आहे, म्हणून ती मागे पडते. ज्या स्वरासाठी हे मागे पडणे नेमके अर्ध्या लाटेइतके असते, त्या स्वराची पुढची आणि मागची लाट एकमेकींच्या विरुद्ध पडतात. एक उचलते तेव्हा दुसरी दाबते. स्वर पुसला जातो. अगदी नाहीसा नाही, कारण परतलेली लाट थोडी अशक्त असते, पण चांगलाच पुसट होतो.

आता आकडे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. माझ्या स्पीकरचे तोंड भिंतीपासून ५५ सेंटिमीटरवर होते. दोनदा चालणे म्हणजे १ मीटर १० सेंटिमीटर. ही अर्धी लाट, म्हणून पूर्ण लाट २ मीटर २० सेंटिमीटर. ३४३ ला २.२ ने भागले की १५६ येतात. माझ्या खोलीत १५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर पुसट होणार.

बाई काळी चारात गात. काळी चारचा षड्ज म्हणजे सुमारे २०८ हर्ट्झ. त्याच्या खालचा पंचम पाऊणपट. २०८ ची पाऊणपट १५६.

हे गणित मी ज्या वहीत केले, तिचे पान बराच वेळ तसेच उघडे ठेवून बसलो होतो. त्यात आणखी एक बारकावा आहे. मंद्र पंचमाचा मूळ स्वर १५६ वर पुसला जातो खरा, पण त्याचा दुप्पट, म्हणजे ३१२ वरचा उपस्वर, त्याच भिंतीमुळे उलट उचलला जातो, कारण त्याच्या बाबतीत परतीची लाट बरोबर एक पूर्ण लाट मागे पडते आणि पुढच्या लाटेला पाठिंबा देते. बूड गेले आणि वरचा भाग चढला, म्हणजे ऐकणाऱ्याला काय वाटेल? आवाज पोकळ आहे. माझे कान खोटे बोलत नव्हते. पोकळपणा होताच; तो गळ्यात नव्हता, माझ्या स्टुलाच्या आणि गिलाव्याच्या मध्ये होता.

केवळ गणितावर विसंबू नये म्हणून एक तपासणी केली. शंभरापासून सव्वातीनशे हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा एकसुरी आवाज लावला आणि बसायच्या जागी मोबाइल ठेवून पातळी पाहिली. दीडशेच्या थोडे वर खड्डा. पण खड्डे फरशीमुळे, छतामुळे, बाजूच्या भिंतींमुळेही पडतात. म्हणून स्पीकर १५ सेंटिमीटर पुढे ओढले. अंतर ७०, हिशेबाने खड्डा १२२ वर जायला हवा. तो तिथेच गेला. भिंतीचा गुन्हा शाबीत व्हायला याहून वेगळा पुरावा मला लागत नाही. (जाता जाता: उन्हाळ्यात चाळीस अंशांना ध्वनीचा वेग ३५५ च्या घरात जातो आणि ५५ सेंटिमीटरचा खड्डा १६१ वर सरकतो. म्हणजे मे महिन्यात परीक्षण लिहिले असते, तर बाईंवर किंचित कमी अन्याय झाला असता.)

मग फोमने काही का केले नाही? सच्छिद्र वस्तू ध्वनी शोषते ती तिच्या छिद्रांतून हलणाऱ्या हवेला घासून. भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव लाट अंतरावर. १५६ हर्ट्झची पाव लाट पुन्हा तेच ५५ सेंटिमीटर. तिथे इंचभर फोम म्हणजे पुरात टाकलेला बांधाचा दगड. दोन इंच जाडीची काचलोकर लावली तरी सव्वाशे-दीडशे हर्ट्झला तिच्याकडून फारशी अपेक्षा नाही; ती पाचशेच्या वर कामाला लागते. इंचभर फोम त्याहूनही वर, हजाराच्या पुढे. आणि हजाराच्या पुढचे स्वर मागे जातातच कुठे? ते स्पीकरच्या तोंडातून सरळ पुढे जातात. म्हणजे जे स्वर मागच्या भिंतीपर्यंत पोचतात ते फोमला पेलत नाहीत, आणि फोमला पेलतात ते तिथे पोचत नाहीत. इतके निरुपद्रवी साधन क्वचितच विकले जात असेल.

मात्र तोच फोम चारी भिंतींना फासला की तो निरुपद्रवी राहत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोऱ्यावर लिहिले. घोडीवरच्या रुंद पृष्ठभागामुळे आणि जवारीच्या धाग्यामुळे त्याच्या तारेतून जे उपस्वर निघतात, ते तारांच्या प्रस्थापित नियमाप्रमाणे निघू नयेत असे असतात, हे त्यांनी दाखवले. जवारी म्हणजे त्या वरच्या उपस्वरांची झळाळी. पातळ फोम खोलीतले नेमके तेच पितो आणि खालचा घुमारा तसाच सोडतो. मग तंबोरा कांबळे पांघरून वाजल्यासारखा लागतो, आणि आपण लिहितो, 'साथीचे तंबोरे मंद होते.' असे वाक्यही माझ्या कात्रणांत एकदा सापडले. त्याची तपासणी करण्याचे धैर्य अजून झालेले नाही. हा फोम पेट घेतो तेव्हा भराभर पेटतो आणि धूर विषारी असतो, हेही सांगून ठेवतो. देवघराला लागून असलेल्या खोलीत तरी लावू नये.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचे आणि साहित्यविद्यावधूचे लग्न याच नगरात लावले आहे, आणि आम्ही वाशीमकर ते प्रत्येक संमेलनात सांगतो. त्याच ग्रंथात त्याने भावकाचे, म्हणजे रसिक-समीक्षकाचे, चार प्रकार केले: कशानेच रुची न येणारा अरोचकी, गवतासकट सगळे गिळणारा सतृणाभ्यवहारी, मत्सरी, आणि तत्त्वाला भिडणारा तत्त्वाभिनिवेशी. वर्गीकरण झकास आहे. पण चारही प्रकार स्वभावाचे आहेत. त्याच राजशेखराने कवीचे घर कसे असावे हे बागेसकट सांगितले. राजाने कविसभेसाठी मंडप बांधावा तो सोळा खांबांचा, चार दारांचा असावा आणि कोणत्या भाषेच्या कवीने कोणत्या दिशेला बसावे, हेही सांगितले. भावकाच्या घराविषयी अक्षर नाही. बिचारा भावक कुठे बसून ऐकतो, त्याच्या पाठीशी काय आहे, याने त्याच्या रुचीत फरक पडतो, ही कल्पना त्याला शिवलेली दिसत नाही.

भरताला मात्र शिवली होती. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात तो ६४ बाय ३२ हातांचे मध्यम नाट्यगृह पसंत करतो, कारण त्याहून मोठ्यात नटाचा शब्द विस्कटतो. आणि नाट्यगृह डोंगरातल्या गुहेसारखे, लहान गवाक्षांचे, वारा न शिरणारे असावे म्हणतो, म्हणजे आवाजाला गांभीर्य येईल. गुहेचा घुमारा तो जाणून मागतो आहे. ज्या वत्सगुल्माच्या हरिषेणाच्या काळात, त्याच्या अमात्य वराहदेवाकडून, अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरले गेले, त्या मुलखाला गुहेतला आवाज अनोळखी नव्हता. नंतरच्या काव्यशास्त्रात शब्दाचा अर्थ उरला, शब्दाची जागा गेली. आपली संगीतसमीक्षा त्याच वाटेने चालली असे माझे मत आहे. वामनराव देशपांड्यांच्या 'घरंदाज गायकी'वर (१९६१) आमची पिढी वाढली. स्वर आणि लय यांच्या मेळातून घराण्यांची तुलना कशी करावी, हे आम्ही तिथे शिकलो. तो विचार समोर बसून ऐकलेल्या गाण्यातून आलेला होता. आम्ही तीच मापे घेऊन सीडीला भिडलो आणि मधली खोली विसरलो. मुंबईत १९८० साली टाटा थिएटर उघडले, तेव्हा ध्वनिक्षेपकाशिवाय सतार-सारंगी पोचावी म्हणून सिरिल हॅरिस यांच्याकडून सभागृहाचा ध्वनिविचार करून घेतला होता. सभागृहाला ध्वनिविचार लागतो हे आपण मान्य केले. दिवाणखान्याला लागतो हे नाही.

आता गादीची गोष्ट.

वॉलेस सॅबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहाची तक्रार आली. तिथे उच्चारलेला शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राही. सॅबाइनने शेजारच्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले आणि पहाटेच्या आत परत नेऊन ठेवल्या. खोल्यांच्या ध्वनिशास्त्राचा आरंभ असा गाद्यांतून झाला. मला वाटले, आपण तर कापसाच्या मुलखातले. आता सोयाबीन वाढले असले तरी गादी भरणारे अजून आहेत. गेलो. चार फूट बाय दोन फूट, जाडी चार इंच, साडेतीन किलो पिंजलेला कापूस, पुढे विरळ कापड, असे सांगितले. कारागिराने माप लिहिले आणि विचारले, "पोराच्या झुल्यासाठी काय?" मी म्हटले, भिंतीला लावायची आहे. तो थांबला.

"काहून बा? भिंतीले थंडी वाजते काय?"

मी आवाजाचे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मंग रेक्झिन नोका लावू. रेक्झिननं आवाज वापस येते. आमच्या दुकानात कापूस भरून ठेवला ना, तं फोनवरचं बी नीट आयकू येते." रेक्झिन न लावण्याचा सल्ला शंभर नंबरी होता. कापडाला तोंड लावून फुंकर मारली तर हवा पलीकडे गेली पाहिजे, हीच शोषकाची कसोटी. वाळवी-कसर लागू नये म्हणून कापसाला टाकणखाराच्या पाण्याचा हात द्यावा. आगीलाही तो थोडा अडवतो.

पण चार इंच कापूसही ५५ सेंटिमीटरच्या खड्ड्याला पुरत नाही. इथे खरी युक्ती गादीची नसून जागेची आहे. स्पीकर मी उलट मागे ढकलले, पार गादीला टेकवून. पेटीची खोली २० सेंटिमीटर, गादी १०. तोंडापासून भिंत ३० वर. खड्डा चढून २८६ हर्ट्झवर गेला, आणि तिथे दहा सेंटिमीटर कापसाचे बऱ्यापैकी चालते, शिवाय त्या उंचीला मागे जाणारा आवाजही थोडा कमी झालेला असतो. म्हणजे शोषक लावून भिंतीचा दोष जात नाही. शोषकाला झेपेल अशा जागी आधी तो दोष नेऊन ठेवावा लागतो. दुसरा मार्ग स्पीकर मीटरभर पुढे आणण्याचा. मग खड्डा बाईंच्या गळ्याच्या आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्याही खाली, ऐंशीच्या आत जातो. पण दहा बाय बाराच्या खोलीत मग माणसाने स्वयंपाकघरात बसून ऐकावे लागेल. भिंतीला टेकवल्याने खालचा भाग एकूण जाड होतो, तेवढा खर्जाचा खुंटा कमी करून घेतला.

हे करताना जुन्या धाब्याच्या घरातला आजीचा रेडिओ आठवला. दोन-अडीच फूट जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत देवळी होती, तीत तो बसवलेला. त्याचे तोंड भिंतीच्या रेषेत. मोठ्या स्टुडिओत स्पीकर भिंतीतच चिणतात ते याचसाठी: तोंड भिंतीच्या सपाटीत आले की मागे वळसा घालायला लाटेला वाटच राहत नाही. जुन्या रेडिओची पाठ मात्र उघडी, जाळीची. तिच्यातून पुढच्याइतकाच आवाज मागे पडतो आणि देवळीत कोंडून घुमतो. तिथे आजीने जुन्या लुगड्यांची गोधडी घडी करून खोचली होती. विंचू येऊ नये म्हणून, असे ती म्हणे. ती काढली की रेडिओ 'डबड्यातून बोलते' असेही तीच म्हणे. पाठीमागे शोषक लावण्याचे शास्त्र जिथे खरोखर पूर्ण लागू पडते अशी जागा, म्हणजे उघड्या पाठीचा ध्वनिवर्धक, आमच्या घरात होती आणि तिचा बंदोबस्तही होता. पुढे आम्ही स्लॅबचे घर बांधले आणि देवळ्या ठेवल्या नाहीत.

सगळे जुळवून मागच्या पौषात दरबारी पुन्हा लावला. आलापात बाई कोमल धैवत-निषादाच्या वळणाने खाली आल्या आणि पंचमावर बसल्या. बूड होते. बूड म्हणजे, तंबोऱ्याच्या खर्जाला जाऊन टेकणारा, रुंद, न हलणारा पंचम. त्यावर त्या बराच वेळ थांबल्या होत्या, आणि का थांबल्या होत्या ते मला वीस वर्षांनी कळत होते. मी पूर्वी हे थांबणे 'अनावश्यक रेंगाळणे' म्हटले होते. पोकळ स्वरावर थांबलेले माणूस रेंगाळल्यासारखेच दिसणार. म्हणजे एका चुकीच्या ऐकण्यावरून मी दोन दोष काढले होते, आणि दुसरा पहिल्याला पुरावा म्हणून वापरला होता. परीक्षणातले ते दोन्ही भाग मी या लेखाद्वारे मागे घेतो. अतिद्रुत तानांविषयीचे माझे मत मात्र तसेच आहे. ते वरच्या सप्तकातले असल्याने भिंतीवर ढकलता येत नाही.

केदार अजून ऐकलेला नाही. २८६ चा नवा खड्डा काळी चारच्या शुद्ध मध्यमाच्या (२७७) आणि तीव्र मध्यमाच्या (२९२) बरोबर मध्ये पडतो आणि केदाराला दोन्ही मध्यम लागतात. गादीवाल्याकडे आणखी दोन किलो कापूस सांगून ठेवला आहे.